गॅरेजमधल्या बिअरसाठी छोटा १२ व्होल्टचा पंप: कुठला घ्यायचा, कसा बसवायचा, कसा चालवायचा

मी टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहतो आणि महिन्यातून एकदा गॅरेजमध्ये बिअर करतो, ५ गॅलनची बॅच, म्हणजे आपले साधारण १९ लिटर. पहिली दोन वर्षं माझ्याकडे पंप नव्हता. गरम पाण्याचं पातेलं उचलून स्टुलावर ठेवायचं, तिथून नळीने खाली सोडायचं, मग परत पुढचं पातेलं उचलायचं. एकदा ७५ डिग्री सेल्सिअसचं पाणी भरलेलं पातेलं उचलताना कडी ओली होती, हात सटकला आणि अर्धं पाणी उजव्या पायावर आलं. तीन आठवडे बूट घालता येत नव्हता. त्या दिवशी ठरवलं की गरम काहीही उचलायचं नाही, आणि दुसऱ्याच आठवड्यात २५ डॉलरचा छोटा पंप मागवला. या छंदात नव्याने पडलेल्या आणि एवढ्या स्वस्तातल्या पंपावर विश्वास ठेवावा का या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. ठेवावा, फक्त त्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे आधी नीट समजून घ्यावं.

कायद्याचं आधीच सांगतो. अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर करायला परवानगी आहे, ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी त्या विधेयकावर सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून ते लागू झालं. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, आणि विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे असतात, मिसिसिपी आणि अलाबामा यांनी तर २०१३ मध्ये कुठे परवानगी दिली, त्यामुळे आपल्या राज्याचं बघून घ्या. महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडे हा प्रयोग करू नका.

पंप ढकलतो, ओढत नाही

हे एक वाक्य पक्कं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप सुचतं. आमच्या गावाकडे विहिरीवर मोनोब्लॉक होता, फूटव्हॉल गळायला लागला की सकाळी मोटार नुसती गुरगुरायची, पाणी काही उचलायची नाही, मग आजोबा म्हणायचे आधी पंपात पाणी भर. मी बादलीने वरच्या तोंडातून पाणी ओतायचो, बुडबुड करत हवा निघायची, झाकण घट्ट केलं की मग धार लागायची. तुमचा तळहाताएवढा १२ व्होल्टचा पंपही त्याच जातीचा, सेंट्रिफ्यूगल. आत एक छोटा पंखा फिरतो आणि पाणी बाहेरच्या बाजूला फेकतो. हवा पाण्यापेक्षा साधारण ८०० पट हलकी, त्यामुळे आत हवा असली तर पंख्याला पकडच मिळत नाही, तो फिरत राहतो आणि काही होत नाही. नवीन लोकांचे नव्वद टक्के प्रश्न असेच असतात, पंप खराब आला, आवाज येतो पण पाणी येत नाही वगैरे. पंप चांगलाच असतो, त्याने एअर धरलेली असते.

कुठला पंप घ्यायचा

बाजारात स्वस्त पंपांच्या चार जाती दिसतात आणि चारही दिसायला सारख्याच भोळ्या, त्यामुळे गोंधळ होतो.

आपल्या मुख्य कामाचा म्हणजे १२ व्होल्टचा ब्रशलेस, मॅग्नेटवाला पंप. सोलर वॉटर हीटरचं पाणी फिरवायला हे बनवतात, म्हणून गरम पाणी यांना चालतं. यात मोटरचा दांडा पाण्यात येत नाही, पंख्यालाच मॅग्नेट असतो आणि प्लॅस्टिकच्या भिंतीपलीकडून मोटर त्याला फिरवते, त्यामुळे सील नाही आणि सील झिजून गळायची भीती नाही. घेताना तीन गोष्टी बघा. फूड ग्रेड लिहिलंय का. तापमान किती चालतं, किमान १०० डिग्री हवं, कारण दिसायला अगदी तसाच पंप ६० डिग्रीवालाही मिळतो आणि तो उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड पाण्यात, वाकडा होईल. आणि हेड किती, म्हणजे पाणी किती उंच चढवतो.

हेडच्या आकड्यात बरेच जण फसतात. डब्यावर ८ लिटर प्रति मिनिट आणि ३ मीटर हेड असं लिहिलेलं असतं, तर लोकांना वाटतं ३ मीटर उंचीवर ८ लिटर मिळेल. तसं नाहीये. ८ लिटर म्हणजे काहीच उंची नसताना, आणि ३ मीटर म्हणजे जिथे प्रवाह शून्य होतो ती उंची, दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. माझ्या पंपाने अर्ध्या इंची नळीतून १ मीटर वर साधारण ५ लिटर दिलं, आणि १९ लिटरच्या बॅचला ते भरपूर झालं, चार मिनिटांत एका पातेल्यातून दुसऱ्यात.

दुसरी जात म्हणजे कारंज्याचा किंवा तलावाचा, पाण्यात बुडवायचा पंप. हा बर्फाचं पाणी फिरवायला उत्तम, त्याचं पुढे सांगतो, पण यातून वर्ट कधीच घालू नका, तो ना खाण्याच्या वस्तूंसाठी बनवलेला असतो ना गरमासाठी. तिसरा डायफ्रामवाला, गाडीवरच्या घरात नळाला पाणी आणायला वापरतात तो. हा स्वतः ओढतो हे खरं, पण धडधड धक्के देत चालतो, फार गरम चालत नाही, आणि आतले व्हॉल्व्ह नीट धुता येत नाहीत, म्हणून फक्त साध्या पाण्यासाठी ठीक. चौथा पेरिस्टाल्टिक, नळी दाबून ढकलणारा. अगदी स्वच्छ काम, पण स्वस्तातले इतके हळू असतात की १९ लिटरला अख्खी दुपार जाईल.

मोठे पंप, मार्च ८०९ वगैरे, ११५ व्होल्टवर चालतात, ताकद जास्त आणि वर्षानुवर्षं टिकतात, पण किंमत सहा-सात पट. ४० लिटरच्या वर बॅच करणार असाल तरच तिकडे जा.

जोडणी

पंप आला की आधी त्याचे आटे बघा. अमेरिकेतल्या दुकानात मिळणारे फिटिंग एनपीटी आट्यांचे असतात आणि चीनहून येणाऱ्या बऱ्याच पंपांचे आटे बीएसपी, तेच जे आपल्याकडे भारतात नळाला असतात. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, म्हणून एकमेकांत फिरतात आणि वाटतं बसलं, पण आट्यांचा कोन वेगळा असतो, एकाचा ६० डिग्री आणि दुसऱ्याचा ५५, त्यामुळे थेंब थेंब गळतं. टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे दिले की आपल्या एवढ्याशा प्रेशरला पुरतं. पान्याने मात्र जोर लावू नका, पंपाचं तोंड प्लॅस्टिकचं आणि फिटिंग स्टीलचं, हाताने घट्ट झाल्यावर फार तर अर्धा फेरा. तोंड चिरलं की पंप गेलाच.

नळी सिलिकॉनची घ्या, आतून अर्धा इंच. साधी पारदर्शक व्हिनाइलची नळी गरम वर्टला मऊ पडते, ओढ लागली की चपटी होते आणि प्रवाह बंद. पातेल्यापासून पंपापर्यंतची नळी जितकी आखूड आणि जाड तितकी बरी, मध्ये वळसे नकोत, वरती कमान झाली तर तिथे हवा अडकून बसते. पंपानंतरची नळी लांब असली तरी चालते, कारण तिथे तो ढकलतोय. प्रत्येक जोडाला क्लिप लावा, नुसत्या चढवलेल्या नळीवर भरवसा नको, आत ९५ डिग्रीचं पाणी आहे.

पंप पातेल्याच्या तोटीपेक्षा खाली बसवायचा, जमिनीवरच म्हटलं तरी चालेल, आणि बाहेर जायचं तोंड वरच्या दिशेला ठेवायचं म्हणजे हवा स्वतःहून वर निघून जाते. मी एका जुन्या फळीच्या तुकड्यावर पंप बसवून फळीच स्टँडच्या खालच्या दांडीला अडकवली आहे. वरून वर्ट सांडलं तर थेट मोटरवर पडू नये म्हणून प्लॅस्टिकचा डबा आडवा कापून छप्पर केलंय, हवा जायला दोन्ही बाजू उघड्या.

आणि एक व्हॉल्व्ह. साधा बॉल व्हॉल्व्ह, पंपाच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला. प्रवाह कमी-जास्त करायचा तो फक्त इथून. पातेल्याची तोटी कायम पूर्ण उघडी. आत येणारी बाजू आवळली तर पंप उपाशी राहतो, आत हवेचे किंवा वाफेचे बुडबुडे होतात, आणि पंखा ज्यावर फिरतो तो आतला छोटा दांडा जो त्याच पाण्याने थंड आणि बुळबुळीत राहतो तो कोरडा घासायला लागतो. बाहेरची बाजू अगदी बंद केली तरी थोडा वेळ या पंपाला काही होत नाही. स्पीड कमी करणारे स्वस्तातले कंट्रोलर मिळतात, पण ब्रशलेस पंपाच्या आत स्वतःचं सर्किट असतं, बऱ्याच पंपांचं त्या कंट्रोलरशी जमत नाही, अडखळत चालतात. व्हॉल्व्ह बरा.

वीज

पंपावर १२ व्होल्ट १.५ अँपिअर असं लिहिलेलं असेल, म्हणजे १८ वॅट, तर अॅडॅप्टर निदान २ अँपिअरचा घ्या, मी ३ चा वापरतो. सुरू होताना पंप जरा जास्त मागतो आणि कमकुवत अॅडॅप्टर तिथेच मान टाकतो. लाल तार प्लसला, काळी मायनसला, उलटी जोडली तर पंप उलटा फिरेल असं नाही, फिरणारच नाही आणि सर्किट जळूही शकतं. १२ व्होल्टने माणसाला शॉक बसत नाही हे खरं, पण तो अॅडॅप्टर भिंतीतल्या १२० व्होल्टवर असतो आणि आजूबाजूला सगळं ओलं, म्हणून जीएफसीआय असलेल्या सॉकेटमध्येच लावा, आपल्याकडच्या ईएलसीबीसारखं काम करतं ते. अॅडॅप्टर पातेल्यापेक्षा उंचावर, आणि वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

पहिली चाचणी, नुसत्या पाण्याने

नवीन पंप थेट बिअरच्या दिवशी लावू नका, एक संध्याकाळ याला द्याच. पातेल्यात १० लिटर थंड पाणी घ्या. पंप बंद, बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, बाहेरच्या नळीचं टोक शेजारच्या बादलीत, पातेल्यातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली धरा आणि पातेल्याची तोटी उघडा. पाणी स्वतःच्या वजनाने पंपातून जाऊन नळीच्या टोकातून यायला लागेल, थोडं बादलीत जाऊ द्या, बुडबुडे थांबले की पंप भरला. आता टोक वर घ्या आणि मग वीज चालू करा. हा क्रम कायम हाच, आधी पाणी मग वीज. आवाज बारीक आणि सलग यायला हवा. खरखर किंवा घुरघुर आली तर हवा आहे, लगेच बंद करा, पाच सेकंद थांबा, हवा वर येऊ द्या, परत चालू. दोन-तीनदा असं केलं की सुटतं. नाही सुटलं तर परत टोक खाली धरून पाणी वाहू द्या.

मग एक लिटरचं माप आणि मोबाईलमधलं घड्याळ घेऊन तुमच्या खऱ्या उंचीवर किती सेकंदात भरतं ते मोजा. हा तुमचा खरा आकडा, तो पंपावर मार्करने लिहून ठेवा, पुढे कधी तो कमी झाला तर कळेल की आत काहीतरी अडकलंय. सगळे जोड कोरड्या टिश्यूने टिपून बघा, गळती असेल तर टिश्यू सांगेल. यानंतर हेच ६५-७० डिग्रीच्या पाण्याने करा, गरमात नळी ढिली पडते आणि थंडात न गळलेला जोड गळायला लागतो.

प्रत्यक्ष दिवशी: मॅश

मॅश म्हणजे दळलेलं माल्ट ६७ डिग्रीच्या आसपास तासभर पाण्यात ठेवणं. पंपाचं काम इथे खालून वर्ट काढून वरून परत सोडणं, त्याने तापमान सगळीकडे सारखं राहतं आणि धान्याच्या थरातून गाळून वर्ट स्वच्छ होतं. धान्य घातल्यावर दहा मिनिटं पंप लावू नका, थर बसू द्या. मग व्हॉल्व्ह जेमतेम उघडून सुरू करा, मिनिटाला लिटर-दीड लिटर, घाई इथे महागात पडते, कारण पंप जोरात ओढायला गेला की धान्याचा थर दाबला जाऊन विटेसारखा घट्ट होतो, वरून पाणी झिरपत नाही, खाली पंप कोरडा पडतो. धान्यावर पाणी साचत चाललंय आणि पंपाचा आवाज चढलाय असं दिसलं की बंद करा, थर वरवर हलवा, दहा मिनिटं थांबा. गहू जास्त घालणार असाल तर मूठ-दोन मूठ भाताचा तूस धुऊन मिसळा, इथे राइस हल्स नावाने मिळतो, थर मोकळा राहतो. वरून परत येणारी नळी पाण्याच्या पृष्ठभागावर अलगद टेकवून ठेवा, उंचावरून धार पाडली तर थराला खड्डा पडतो.

उकळी आणि त्यानंतर

उकळत्या वर्टवर छोटा पंप अडतो, आणि यात दोष पंपाचा नाही. उकळीला पोचलेल्या द्रवाचं प्रेशर जरासं कमी झालं की त्याची वाफ होते, आणि पंपाच्या आत येणाऱ्या तोंडाशी नेमकं प्रेशर कमी असतं. आत वाफेचे फुगे तयार होतात, पंख्याची पकड सुटते, खडखड आवाज येतो. तर गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा, तापमान ९५ च्या खाली येऊ द्या, मग सुरू करा, आणि तरी अडला तर बाहेरचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, प्रवाह कमी झाला की आतली ओढही कमी होते.

हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, गाळ हा या पंपांचा दुसरा शत्रू. आतली वाट अरुंद असते, हॉप्सची पानं पंख्याभोवती गुंडाळली जातात. हॉप्स जाळीच्या पिशवीत किंवा स्टीलच्या जाळीदार डब्यात घाला, आणि तोटीला आतून जाळी लावा. व्हर्लपूल, म्हणजे वर्ट गोल फिरवून गाळ मधे जमवणं, करायचा असेल तर परत येणारी नळी पातेल्याच्या कडेला घासून एकाच दिशेने सोडा, १९ लिटरला हा पंप पुरेसं फिरवतो, दहा मिनिटांत गाळ मधे ढिगासारखा बसतो. ८० डिग्रीच्या खाली आलं की पुढे वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं, म्हणून मी सकाळीच पंपातून आणि नळ्यांतून स्टार सॅन या जंतुनाशकाचं पाणी फिरवून ठेवतो, १९ लिटर पाण्याला ३० मिली.

बर्फाचं पाणी

टेक्सासच्या उन्हाळ्यात पंपाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे झाला, आणि बजेट एकाच पंपाचं असेल तर मी म्हणेन तो बुडवायचा १५-२० डॉलरचा पंप आधी घ्या. जुलैत इथे नळालाच ३० डिग्रीचं पाणी येतं. वर्टमध्ये बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून, म्हणजे गुंडाळलेल्या नळीतून, ते कितीही सोडलं तरी वर्ट ३८-४० वर येऊन अडून बसतं, आणि यीस्ट घालायला मला २० हवं असतं.

तर असं करायचं. पहिली उतरण, उकळीपासून ४० पर्यंत, नळाच्या पाण्यानेच करा, बर्फ इथे घालवू नका. बाहेर येणारं पहिलं गरम पाणी बादलीत धरा, भांडी धुवायला कामाला येतं. मग बादलीत १० लिटर पाणी आणि बर्फ, त्यात पंप, पंपाची नळी कॉइलला, आणि कॉइलमधून येणारं पाणी परत बादलीत. बर्फ किती लागतो याचा हिशोब सोपा आहे. १९ लिटर वर्ट ३८ वरून २० वर आणायचं म्हणजे सुमारे ३४० किलोकॅलरी काढायच्या, बादलीतलं १० लिटर पाणी ३० वरून शून्याजवळ आणायला अजून ३००. एक किलो बर्फ वितळताना ८० घेतो. भागाकार केला की ८ किलो येतो, म्हणून १० पौंडाच्या दोन पिशव्या, ९ किलो, बरोबर पुरतात. बादलीतलं पाणी आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर एक पिशवी वाचते.

पंप घेताना इथेही हेड बघा, २५ फुटांची बारीक कॉइल खूप अडवते, दीड मीटर हेडच्या कारंज्याच्या पंपाने नुसती करंगळीएवढी धार येते, ३ मीटरचा घ्या. आणि वर्ट अधूनमधून निर्जंतुक चमच्याने हलवत राहा, नाहीतर कॉइलला चिकटलेलं तेवढंच थंड होतं. माझ्याकडे ३८ वरून २० ला साधारण पंधरा मिनिटं लागतात.

एक गोष्ट मात्र पंपाने करू नका, तयार झालेली, आंबलेली बिअर हलवणं. आत येणाऱ्या जोडातून डोळ्याला न दिसणारी हवा ओढली जाते आणि पंख्यात ती बिअरमध्ये घुसळली जाते, पुढे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. तिथे सायफन किंवा कार्बन डायऑक्साइडचं प्रेशर.

धुणं

काम संपल्यावर बसायच्या आधी पंप धुवा, वर्ट वाळलं की गुळासारखं चिकटतं. आधी साधं गरम पाणी, मग पीबीडब्ल्यू (बिअरची भांडी धुवायची पावडर) किंवा बिनवासाचं ऑक्सिजनवालं क्लीनर ६० डिग्रीच्या पाण्यात घालून वीस मिनिटं फिरवा, मग स्वच्छ पाणी. दर चार-पाच बॅचनंतर पंपाच्या तोंडाकडचे चार स्क्रू काढा, झाकण निघतं, पंखा मॅग्नेटने धरलेला असतो, सरळ ओढला की हातात येतो. त्याच्या मागे हॉप्सचा हिरवट लेप आणि धान्याचं एखादं टरफल हमखास सापडतं, मऊ ब्रशने काढा. रबराची गोल रिंग हरवू नका, परत बसवताना ती खाचेत नीट बसली आहे ना बघा आणि स्क्रू तिरपे तिरपे समोरासमोरचे आवळा. झाकण उघडं ठेवून पंप दिवसभर सावलीत वाळवा, मगच कपाटात, आणि पुढच्या वेळी लावायच्या आधी परत एकदा ते लिटरचं माप आणि घड्याळ घेऊन मोजा.